बोटीच्या नाकातली वाळू

विजयमालाचा फोन आला तेव्हा उदयसिंग तांड्यावरच्या पिठाच्या चक्कीचा पट्टा बदलत होता. हात काळे झाले होते, म्हणून त्याच्या बायकोनं, रुपाबाईनं, फोन त्याच्या कानाला धरला. विजयमाला, त्याच्या जुन्या दोस्ताची, रामकिसनची बायको, थोडकंच बोलली. रामकिसनला नागपूरहून परत आणलं आहे, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं आहे. आल्यापासून तो काहीच मागत नव्हता. आज सकाळी मात्र म्हणाला, उदयसिंगला बोलवा, हत्यारं घेऊन ये म्हणा.

"कायची हत्यारं?" उदयसिंगनं विचारलं.

"बोटीची," ती म्हणाली.

रामकिसन आणि उदयसिंगची ओळख मुंबईतल्या खाडीकाठच्या एका बोटयार्डातली. रामकिसन किन्हीराजाच्या शेतकरी घरातला. वडील असेपर्यंत शेतात आपली गरज नाही म्हणून तो मुंबईला गेला होता. उदयसिंग मानोऱ्याजवळच्या तांड्यातला. ऊसतोडीच्या टोळीतून बाहेर पडून, गोदीत हमाली करत करत तो त्या यार्डात पोचला. पहिल्या दिवशी एकमेकांचं 'मले-तुले' ऐकून दोघंही हसले आणि त्या दिवसापासून एकाच खोलीत राहू लागले.

यार्डाच्या म्हाताऱ्या शेठला शर्यतीच्या बोटींचं वेड होतं. त्यानं परदेशातून एक बोट आणवली होती. दोन बाजूंना दोन अरुंद होड्या आणि मध्ये पोकळी. यार्डातले लोक तिला 'बोगदा' म्हणत. ती जोरात निघाली की समोरची हवा त्या पोकळीत शिरायची आणि बोटीला खालून उचलून धरायची. मग ती पाण्याला जेमतेम टेकलेली असायची आणि तिच्या बरोबरीनं दुसरी कोणतीच पळायची नाही. पण तीच हवा जरा जास्त शिरली, तर बोटीचं नाक वर उचललं जायचं आणि ती मागच्या मागं उलटी व्हायची. मोहनसिंग नावाचा शेजारच्या यार्डातला ड्रायव्हर तसाच गेला होता. शर्यत जिंकायची म्हणून त्यानं इंजिन वर चढवून घेतलं होतं आणि पुढचं सगळं वजन काढायला लावलं होतं. त्याला पाण्यातून बाहेर काढलं ते रामकिसन आणि उदयसिंगनं.

बोटीला किती उचलू द्यायचं, हे ठरवायचं काम उदयसिंगचं. इंजिन मागच्या फळीवर किती उंच बसवायचं, किती कलतं ठेवायचं, वजन पुढं किती नि मागं किती, हे तो बघायचा. चालवायचा रामकिसन, कारण तो अंगानं हलका होता आणि डोक्यानं थंड. दोघांचा एक नियम होता. ड्रायव्हरनं पान्याला हात लावायचा नाही, आणि मिस्त्रीनं ड्रायव्हरला न सांगता एक बोल्टसुद्धा हलवायचा नाही. दर वेळी बोट सुटायच्या आधी उदयसिंग त्याच्याजवळ वाकून आज काय बदललं ते सांगायचा. रामकिसन मान हलवायचा. इतकी वर्षं चालवूनही रामकिसनला कधी खरचटलं नाही.

पुढे शेठ वारला. यार्डाच्या जागेवर इमारती उठणार होत्या. शेठची मुलगी म्हणाली, तुम्हाला पाहिजे तर घेऊन जा, नाहीतर ही बोट भंगारात जाईल. तेव्हा दोघांनी माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमध्ये बोट घातली आणि किन्हीराजाला रामकिसनच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये आणून ठेवली. शेतामागं थोड्या अंतरावर एक लांबट तलाव आहे. तिथं कधीतरी उतरवू, असं ते दर दिवाळीला म्हणायचे. मग रामकिसन शेतीत अडकला, उदयसिंग कधी चक्की, कधी पंपाच्या मोटारी दुरुस्त करत फिरू लागला. बोटीवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर कुटाराची, म्हणजे भुश्याची, पोती आली.

मानोऱ्याहून दोन एसट्या बदलून उदयसिंग किन्हीराजाला उतरला. शेतातल्या घराच्या ओसरीत रामकिसन खाटेवर बसला होता. उदयसिंगनं त्याला तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आधी पाहिलं होतं. आता जबड्याची उजवी बाजू नव्हतीच. मानेवर पट्टी होती आणि पट्टीखाली परत गाठ आल्याचं दिसत होतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर त्यानं मुंबईत असतानाच सोडला होता, पण तोवर उशीर झाला असावा. तो बोलायचा ते फक्त विजयमालाला समजायचं. ती त्याच्या तोंडाकडं बघून शब्द पुन्हा म्हणायची.

"बोट लाव म्हणते," ती म्हणाली. "एक खेप पान्यात टाकू म्हणते."

उदयसिंगला त्या वेळी यात दुसरं काही दिसलं नाही. आजारी माणसाला आपली जुनी वस्तू पाहावीशी वाटते, इतकंच त्यानं समजून घेतलं. उलट त्याला बरं वाटलं. इथं येऊन नुसतं खाटेजवळ बसायचं कसं, याच विचारात तो एसटीत बसला होता. आता निदान हाताला काम होतं.

पोती हलवून ताडपत्री काढली तेव्हा बोटीचा लाल रंग पार उडालेला होता. उंदरांनी सीटचा फोम कुरतडला होता. उदयसिंगनं हातोडीच्या दांड्यानं मागची फळी ठोकत नेली. कडेला आवाज टणक येत होता, मधोमध बोदा. याच फळीवर अख्खं इंजिन टांगलेलं असतं. ती कुजली असेल तर भर वेगात इंजिन उखडून ड्रायव्हरच्या अंगावर येऊ शकतं. त्यानं ती पूर्ण कापून काढली आणि अकोल्याहून पाण्यात न फुगणारं प्लायवूड आणवून नवी बसवली. वरून काचेचं कापड आणि रेझिनचे थर दिले. स्टिअरिंगच्या तारा गंजल्या होत्या. पुलीवरून जाताना त्यांचे धागे तुटून बोटाला टोचत. त्या सगळ्या बदलल्या. इंजिन दोन स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. त्याचे पिस्टन जागच्या जागी चिकटले होते. प्लग काढून त्यानं आत डिझेल सोडलं आणि ते मुरू दिलं. रोज चाक हातानं थोडं हलवून बघायचा, आणि एका दुपारी ते सुटलं. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबराचं चाक लाकडासारखं कडक झालं होतं. नवं चाक मुंबईहून जुन्या ओळखीच्या एका दुकानदारानं पार्सलनं पाठवलं.

हे सगळं चालू असताना रामकिसनची खाट शेडमध्ये आणलेली असायची. तो उशीला टेकून बघत राहायचा. हळूहळू त्याचं बोलणं उदयसिंगलाही समजू लागलं. यार्डातल्या माणसांची नावं निघायची, शेठच्या शिव्या निघायच्या. रामकिसन हसायचा तेव्हा उरलेला अर्धा चेहरा वर जायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. नळीतून घेतलेली पेज पोटात राहू लागली. विजयमाला चहा घेऊन यायची आणि जरा वेळ तिथंच उभी राहायची. ऑपरेशननंतर घरात हसण्याचा आवाज नव्हता, असं ती एकदा उदयसिंगला म्हणाली.

पाण्यानं भरलेल्या टाकीत मागचा भाग बुडवून इंजिन चालवून पाहिलं त्या दिवशी गावातले पाच-सात जण जमले. निळा धूर झाला, आवाज शिवारभर गेला. बाजूच्या नळीतून पाण्याची बारीक धार नीट पडत होती, म्हणजे पंप काम करत होता. रामकिसननं डोळे मिटून आवाज ऐकला आणि अंगठा वर केला.

दुसऱ्या सकाळी विजयमाला हरभऱ्याकडं गेलेली असताना उदयसिंग लाल दोरी बसवत होता. ती दोरी म्हणजे ड्रायव्हरचा शेवटचा आधार. एक टोक त्याच्या मांडीला, दुसरं टोक स्विचला. माणूस बोटीबाहेर फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. रामकिसननं हातानं नको अशी खूण केली. दोरी नको. पडला तर काढायला बाजूला उभी राहणारी दुसरी नाव नको. मग त्यानं इंजिनकडं बोट दाखवून ते वर चढवायला सांगितलं, आणि पेट्रोलची टाकी पुढून काढून पार मागं, आपल्या पाठीशी ठेवायला सांगितली.

उदयसिंगनं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. इंजिन वर, वजन मागं, नाक मोकळं. ही मोहनसिंगची बोट होती.

"वापस यायचं हाय का नाई?" त्यानं विचारलं.

रामकिसन बोटीकडं बघत राहिला.

"मी इचारून राह्यलो, रामकिसन."

"तुले समजलं हाय," रामकिसन म्हणाला. एकेक शब्द तो लाळ पुसत, थांबत थांबत बोलत होता. "मंग इचारतं कायले? मोहनसिंगले मरन समजलं पन नाई. मले रोज समजून राह्यलं."

उदयसिंगनं त्याला बरंच काही सांगून पाहिलं. विजयमालाचं नाव घेतलं, लग्न होऊन पुसदला गेलेल्या मुलीचं, योगिनीचं नाव घेतलं, दुखणं कमी करणाऱ्या औषधांबद्दल बोलला. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणाला. यातलं एकही वाक्य त्याला स्वतःला खरं वाटत नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यात रामकिसनच्या शेजारच्या खाटेवर याच आजाराचा एक माणूस होता. तो कसा गेला ते रामकिसननं सगळं पाहिलं होतं, आणि आता ते त्यानं उदयसिंगला सांगितलं. शेवटी म्हणाला की इतकी वर्षं तू मला बोट लावून दिलीस, मी कधी का म्हणून विचारलं नाही. आता तू विचारू नकोस.

उदयसिंग उठून बाहेर आला. बांधावरून विजयमाला येत होती, ओच्यात हरभऱ्याचे घाटे होते. तिनं ते त्याच्यासमोर धरले आणि मोकळेपणानं बोलू लागली. काल रात्री ते झोपले, एकदाही उठले नाहीत. बोट चालवून झाली की पुन्हा नागपूरला जाऊ, ते लाईटचं शेकणं, म्हणजे रेडिएशन, घेऊन पाहू, असं स्वतःहून म्हणाले.

"तुमी आले अन् माणूस फिरला, भाऊजी," ती म्हणाली.

उदयसिंगनं घाटे घेतले. तिला सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण सांगितलं तर ती आजच शेडला कुलूप लावेल, आणि मग रामकिसनला एवढे दिवस जे थोडं बरं वाटत होतं तेही जाईल. न सांगता निघून जावं, तर रामकिसन दुसऱ्या कोणाकडून तरी इंजिन वर चढवून घेईल. शेवटी तो म्हणाला की घाटे गोड आहेत, आणि परत शेडमध्ये आला.

त्यानं रामकिसनच्या डोळ्यांदेखत इंजिन वर चढवलं. टाकी मागं सरकवली. लाल दोरी मात्र काढणार नाही, म्हणाला. दोरीशिवाय पेट्रोल भरणार नाही. मासेमार लखीरामची नाव तलावात उभी राहील, अंगात जाकीट आणि डोक्याला हेल्मेट असेल, नाहीतर विजयमाला आणि गावातले लोक चालवूच देणार नाहीत, हेही त्यानं सांगितलं. रामकिसननं थोडा वेळ विचार करून मान हलवली. बोट उलटली तर त्या वेगात जाकीट काय आणि दोरी काय, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी गोळी घेऊन रामकिसन घरात झोपला होता. उदयसिंग ओढ्यावर गेला आणि वाळू घेऊन आला. ती त्यानं चाळली, उन्हात कोरडी केली आणि सिमेंटच्या रिकाम्या थैल्यांत भरून थैल्या शिवल्या. बोटीच्या दोन्ही होड्यांना पुढच्या टोकाशी बंद कप्पे होते. त्यांची झाकणं उघडून त्यानं थैल्या आत दाबून बसवल्या, हलू नयेत म्हणून फोमनं अडवल्या, झाकणं रेझिननं बंद केली आणि वरून रंगाचा हात मारला. एवढं वजन नाकात असताना हवा कितीही शिरली तरी बोट उठणार नव्हती. तिला चांगला वेगही येणार नव्हता. काम स्वच्छ झालं होतं. रंग वाळेपर्यंत तो तिथंच जमिनीवर बसून राहिला. इतक्या वर्षांत ड्रायव्हरला न सांगता त्यानं केलेला हा पहिलाच बदल होता. रामकिसन उठल्यावर नवा रंग पाहून, चिडून का होईना, एकदा झाकणं उघडून बघेल, असं त्याला वाटत होतं. पण रामकिसननं बघितलं नाही. पान्याला ड्रायव्हर हात लावत नाही.

तलाव लखीरामला चांगला ठाऊक होता. तो तिथं मासे धरायचा. बोट चालवायच्या आदल्या दिवशी त्यानं आपली जाळी काढून घेतली, उदयसिंगला नावेत बसवून सगळा तलाव फिरवला. पाणी उतरू लागलं होतं, त्यामुळं जुन्या बाभळींचे खुंट वरपर्यंत आले होते. जिथं जिथं खुंट लागले तिथं त्यांनी रिकामे डबे बांधून तरंगत ठेवले. काठावरच्या शेतकऱ्यांच्या मोटारीचे पाइप कुठपर्यंत आत आलेत ते पाहिलं. मधोमध एक लांब सरळ पट्टा मोकळा निघाला. सकाळी वारा सुटायच्या आधी, पाणी सपाट असतानाच चालवायची, असं ठरलं.

सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बोट नेली. बांधावर माणसं जमली होती. रामकिसनला दोघांनी उचलून आत बसवलं. जाकीट त्याच्या अंगाला फारच मोठं झालं, म्हणून उदयसिंगनं पट्टे ओढून ओढून बांधले. हेल्मेट पट्टीला लागत होतं, पण रामकिसननं तोंडातून आवाज काढला नाही. उदयसिंगनं लाल दोरी त्याच्या मांडीला अडकवली. मग तो नेहमीसारखा जवळ वाकला. रामकिसन त्याच्याकडं बघत होता. आज काय बदललं ते ऐकायची ही वेळ होती.

"इंजिन तू म्हनला तसं," उदयसिंग म्हणाला. "टाकी मागं."

रामकिसननं मान हलवली. मग त्यानं हात वर केला आणि उदयसिंगच्या मानेवर ठेवला, क्षणभर. नंतर काठावर उभ्या असलेल्या विजयमालाकडं तो जरा वेळ बघत राहिला. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

बोट हळू निघाली, पट्ट्याच्या टोकाशी जाऊन वळली आणि मग इंजिनचा आवाज चढला. उदयसिंग गुडघाभर पाण्यात उभा राहून ऐकत होता. आवाज कुठल्या जागी पातळ होतो, ते त्याला तोंडपाठ होतं. बोट पाणी सोडते तेव्हा इंजिनवरचा भार जातो आणि आवाज एकदम बारीक होतो. ती जागा आली आणि आवाज तसाच जाड राहिला. बोट समोरून गेली. पाण्याचे दोन फवारे मागं उडत होते आणि नाक पाण्याला दाबलेलं होतं. बांधावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. रामकिसननं टोकाशी वळवून परत पूर्ण जोर दिला. तेच. तिसऱ्या वेळी तो पार तलावाच्या काठाला लागून वळला, पट्टा होईल तेवढा लांब घेतला आणि शेवटपर्यंत वेगाचं हँडल दाबून धरलं. बोट ओझ्याच्या गाडीसारखी पळत राहिली.

तलावाच्या मध्यावर इंजिन बंद झालं. रामकिसननं दोरी स्वतःच्या हातानं ओढली होती. बोट हेलकावे घेत थांबली. तो तसाच, हात मांडीवर ठेवून, पुढं त्या रंगवलेल्या झाकणांकडं बघत बसून राहिला. लखीराम नाव वल्हवत गेला, दोर बांधला आणि तिला ओढून काठाला आणलं. लोक टाळ्या वाजवत होते. विजयमाला रडत रडत पाण्यात आली आणि तिनं त्याचं हेल्मेट काढलं.

त्याला उचलायला उदयसिंग वाकला तेव्हा रामकिसन फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलला.

"नाकात काय हाय?"

"वाळू."

"मले सांगलं नाई."

"नाई," उदयसिंग म्हणाला.

रामकिसननं त्याचा हात बाजूला केला आणि लखीरामला हाक मारली. लखीरामनं त्याला उचलून ट्रॉलीत नेलं. त्यानंतर तो उदयसिंगशी एक शब्दही बोलला नाही.

नागपूरला पुन्हा जाणं झालंच नाही. होळी झाली आणि गाठ मानेवर फुटली. पुढं ऊन वाढत गेलं. रामकिसनला आता आडवं होता येत नव्हतं आणि बसूनही राहता येत नव्हतं. जखमेवरची पट्टी विजयमाला दिवसातून कितीदा तरी बदलायची. वासानं माश्या यायच्या, म्हणून ओसरीला मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं. दुखणं थांबवणारी गोळी अकोल्याहून आणावी लागे. ती संपली आणि दुसरी यायला उशीर झाला की रामकिसनचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. जबडा नसलेल्या तोंडातून निघणारा तो आवाज माणसाचा वाटायचा नाही. शेजारच्या शेतातले लोक तेवढा वेळ काम सोडून घरी जायचे.

उदयसिंग येत राहिला. गोळ्या आणायच्या, पाणी भरायचं, पंखा बिघडला तर दुरुस्त करायचा. तो ओसरीत आला की रामकिसन तोंड भिंतीकडं करायचा. विजयमालाला हे कळेना. ती नवऱ्याला म्हणायची, एवढ्या लांबून माणूस येतो, एक वेळ बघा तरी. रामकिसन डोळे मिटून घ्यायचा. एका दुपारी गोळी नव्हती आणि विजयमाला पाणी आणायला आत गेली होती. दुखण्याच्या भरात रामकिसननं बाजूला हात टाकला आणि उदयसिंगचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. उदयसिंग हलला नाही. जरा कळ ओसरल्यावर रामकिसननं डोळे उघडले, कोणाचा हात आहे ते पाहिलं आणि सोडून दिला.

पेरणीसाठी लोक रानं तयार करत होते तेव्हा रामकिसन गेला. जाताना शुद्धीवर होता. योगिनी आली होती. तिनं सांगितलं की शेवटचे दोन दिवस बाबा नुसते मोठ्यानं श्वास घेत होते आणि सगळ्यांना ओळखत होते.

तेरवीच्या आदल्या दिवशी उदयसिंग मांडव बांधायला मदत करायला आला. दुपारी बाकीचे लोक जेवायला गेल्यावर विजयमाला त्याच्याजवळ येऊन खांबाला टेकून बसली. ती वाळली होती. तिनं विचारलं की बोट चालवली त्या दिवसापासून हे तुमच्याशी का बोलले नाहीत. त्या दिवशी तर किती खूश होते.

उदयसिंगनं तिला सगळं सांगितलं. मोहनसिंगचं, इंजिनचं, वाळूचं. सांगताना तो दोरीची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

"मले काहून नाई सांगलं?" ती म्हणाली.

"सांगलं असतं तर तुमी काय म्हनलं असतं, वहिनी?"

"वाळूच भरा म्हनलं असतं." तिचा आवाज कोरडा होता. "अन् मंग त्याईचं वरडणं आयकून रोज म्हनलं असतं, कायले भरली." ती उठली. "त्या दिवशी मी हासून राह्यली होती, भाऊजी. ते माह्याकडं पाहून राह्यले होते अन् मी हासून राह्यली होती."

ती आत गेली. उदयसिंगला वाटलं आपण आता निघावं, पण मांडव अर्धाच झाला होता. त्यानं तो पुरा बांधला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा तोही बसला. विजयमाला वाढायला आली. त्याच्या पानाशी येऊन ती थांबली, आणि त्याला वाटलं ती पुढं जाईल. तिनं भात वाढला, वरण वाढलं. त्यानं खाली मान घालून सगळं खाल्लं.

तांड्यावर पोचला तेव्हा रुपाबाईनं विचारलं, सगळं नीट झालं का. हो म्हणून तो खाटेवर बसला. चक्कीवाला दोनदा बोलावून गेला होता, पट्टा पुन्हा घसरत होता. उदयसिंग उद्या येतो म्हणाला. उद्या गेला नाही, परवाही गेला नाही. शेवटी चक्कीवाल्यानं मानोऱ्याहून दुसरा माणूस आणला. रुपाबाईनं हत्यारांची पेटी उचलून आत नेऊन ठेवायला सांगितलं तेव्हा त्यानं ती नेली, पण उघडली नाही.